फी घेताना टेप न लावणाऱ्या संचालकांस

माननीय संचालक साहेब,



पत्रास कारण की, परवा एसटी स्टँडसमोरच्या चौकात आपला नवा फ्लेक्स पाहिला. ‘आमचे चमकते तारे’. वर आमदार साहेबांचा फोटो, त्याखाली आपला, त्याखाली तीन ओळींत मुली. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी माझी भाची. गळ्यात लाल स्कार्फ, मागे ढग, ढगात विमान, आणि तिच्या नावाखाली सोनेरी अक्षरांत ‘केबिन क्रू’.

मी तिथेच उभ्या उभ्या तिला फोन लावला. ती पुणे विमानतळावर ड्यूटीवर होती. चेक-इनच्या काउंटरवर बसते, प्रवाशांच्या बॅगा वजन करून पट्ट्यावर सोडते, बोर्डिंग पास देते. पहाटेची पाळी असली की रात्री दोनला उठते. ती विमानात चढत नाही, साहेब. तिकीट काढलं तरच चढेल. आणि ही नोकरी तिने आपल्याकडून बाहेर पडल्यावर, स्वतः अर्ज करून, स्वतः मुलाखत देऊन मिळवली. आपल्याला ती कुठून कळली, हे मी विचारणार नाही. पेढे वाटले की बातमी पसरतेच. पण जी मुलगी आपल्या हातून विमानापर्यंत पोचली नाही, तिला आपण फ्लेक्सवर परस्पर उडवलंत, याबद्दल आपलं जाहीर कौतुक करावं म्हणून हे पत्र. आपल्या संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं, तर आपण हे पत्रही लॅमिनेट करून रिसेप्शनला लावाल.

माझी ओळख म्हणाल तर मी मुलीची आत्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या खात्यात पेशंट आला की आधी वजन, उंची, नाडी, ताप बघतात आणि मग पुढचं बोलतात. त्यामुळे आपल्याकडे प्रवेश कसा होतो, हे बघायला मला फार मौज वाटली. मी त्या दिवशी भावासोबत आले होते. आपल्या कौन्सेलर मॅडमनी मुलीला उभं केलं, एकदा गोल फिरायला सांगितलं, आणि म्हणाल्या, “पर्सनॅलिटी तर आहेच, फक्त पॉलिश करायची आहे.” मग भावाला विचारलं, शेती किती? ऊस कुठल्या कारखान्याला जातो? बिल कधी निघतं? हप्त्यांच्या तारखा त्यांनी त्या बिलावरच बसवल्या. माझ्या भावाच्या उसाची रिकव्हरी त्याला पाठ नसेल इतकी आपल्या मॅडमना पाठ होती. फी दीड लाखाच्या घरात. गणवेश वेगळा, मेकअपचं किट वेगळं, ‘इंडस्ट्री व्हिजिट’ वेगळी.

मी विचारलं, “उंचीची काही अट असते ना हो?” मॅडम हसल्या. “हील्स असतात ना, आत्या!”

आत्या म्हणाल्या त्या मला. इतक्या लवकर नातं जोडणारी माणसं मी फक्त निवडणुकीत पाहिली होती.

मुलीची उंची १५३ सेंटिमीटर. आपल्या देशातल्या मोठ्या विमान कंपन्या मुलींसाठी साधारण १५५ मागतात. ही गुप्त माहिती नव्हे, भरतीच्या जाहिरातीत छापलेली असते. वयाची अट, बारावी पास, पासपोर्ट, गणवेशाबाहेर दिसेल असा टॅटू नको, हे सगळं त्याच जाहिरातीत असतं आणि फुकट वाचायला मिळतं. शिंप्याची टेप वीस-तीस रुपयांना येते. आपल्या वातानुकूलित ऑफिसात कॉफीचं मशिन आहे, कोपऱ्यात मत्स्यालय आहे, त्यात एक मासा गणवेशाच्याच रंगाचा आहे. टेप तेवढी नाही. एवढी मोठी संस्था चालवताना एखादी वस्तू आणायची राहून जाते, मी समजू शकते. पण पोरीच्या गणवेशाचं माप घ्यायला आपला शिंपी आला, त्याच्या गळ्यात ती होती की! त्याने छाती, कंबर, बाही, स्कर्टची लांबी सगळं मोजलं. डोक्यापासून टाचेपर्यंत तेवढं कुणी मोजलं नाही.

अभ्यासक्रमाबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. सहा आठवडे केसांचा बन. जाळी किती पिनांनी बसते, यावर लेखी परीक्षा. पाच आठवडे लिपस्टिक आणि नेलपेंट. ‘टेबल मॅनर्स’ हा पेपर, ज्यात काट्या-चमच्याने केक कसा खावा ते शिकवतात. विमानात ती लोकांना खायला देणार होती की स्वतः बसून खाणार होती, हा प्रश्न मी विचारला नाही. प्रथमोपचार एका दुपारी. छाती दाबून हृदय चालू कसं करावं हे आपल्या सरांनी पडद्यावर चित्र दाखवून शिकवलं, कारण पुतळा ‘ऑर्डर केलाय, येतोय’. मुलगी घरी आल्यावर मी तिला उशीवर शिकवलं. तळहाताचा मनगटाकडचा भाग कुठे टेकवायचा, कोपर वाकवायचं नाही, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. ती दोन मिनिटांत घामाघूम झाली. म्हणाली, “आत्या, हे तर किती अवघड आहे, आणि मेकअप पण उतरतो!”

आणि ते प्लायवूडचं विमान! त्याला दोन रांगा खुर्च्या, एक पडदा, एक ट्रॉली. दार आहे, पण उघडत नाही, कारण पलीकडे जिना आहे आणि जिन्याखाली मोबाईल दुरुस्तीवाल्याचं सामान. विमानसेवेचं प्रशिक्षण देणाऱ्या जागेत दार न उघडणारं विमान ठेवायला धैर्य लागतं. कारण या नोकरीत, साहेब, दार हीच मुख्य गोष्ट आहे.

आपल्याला सवड मिळाली तर सांगते. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० उतरताना धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. आतली घोषणा यंत्रणा बंद पडली. केबिन क्रूने मेगाफोन घेतले, ओरडून सूचना दिल्या, बॅगा सोडायला लावल्या. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती. कुठल्या दाराबाहेर आग आहे आणि कुठल्या नाही, हे खिडकीतून बघून ठरवायचं असतं. चुकीचं दार उघडलं तर आग आत येते. ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर पडली. त्या मुलींचे बन कसे बसले होते, याची नोंद कुठे सापडली नाही.

नवीन जातीचं मोठं विमान प्रवाशांसाठी मंजूर होण्याआधी त्याला एक परीक्षा द्यावी लागते: पूर्ण भरलेलं विमान, निम्मीच दारं, अंधार, आणि ९० सेकंदांत सगळे बाहेर. आपल्याकडे साधारण दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू ठेवावा लागतो, तो चहाचं प्रमाण बघून ठरलेला नाही. आग विझवायचं सिलिंडर, ऑक्सिजनची बाटली, धुरात घालायचा टोप, मेगाफोन, यातलं बरंच डोक्यावरच्या कप्प्यांत असतं. म्हणून उंची बघतात, आणि म्हणून काही ठिकाणी हात किती वर पोचतो तेही. हील्स घालून कुणी आग विझवत नाही. आणीबाणीत दारातून सोडलेल्या घसरगुंडीवरून उतरताना तर त्या काढायलाच लावतात.

आपल्या रिसेप्शनला नीरजा भनोतचा मोठा फोटो आहे, त्याला हार आहे, आणि खाली आपल्या संस्थेचा मोबाईल नंबर. ५ सप्टेंबर १९८६ ला तिची ड्यूटी असलेलं, मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीत अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. केबिन क्रूने वैमानिकांना सावध केलं, ते निसटले, त्यामुळे विमान उडवून नेता आलं नाही. मग सतरा तास केबिनमध्ये सगळ्यात वरिष्ठ तीच. सहकाऱ्यांनी अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले. शेवटी गोळीबार सुरू झाल्यावर तिने दार उघडून लोकांना बाहेर काढलं, आणि मुलांना वाचवताना स्वतः गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपण तिच्या फोटोवर लिहिलंय: ‘स्माइल इज युअर युनिफॉर्म’. हे वाक्य कुणाला सुचलं ते कळवा, मला त्या माणसाला भेटायचं आहे.

असो. मुलाखतीचं सांगते, कारण आपण तिथे आला नव्हता. ‘ॲकॅडमीचा प्रतिनिधी हॉटेलवर हजर असेल’ असं आपण सांगितलं होतं, म्हणून म्हटलं.

पुण्यात एका हॉटेलात वॉक-इन होतं. नऊची वेळ, मुली सहापासून रांगेत. काळा स्कर्ट, पांढरा शर्ट, त्वचेच्या रंगाचे मोजे, हातात फाइल. सांगली, नगर, लातूर, नागपूर, रात्रीच्या गाड्यांनी आलेल्या. पार्किंगमध्ये दुचाकीच्या आरशात बघून बन बांधत होत्या. आयांच्या हातात डबे, बापांच्या हातात चपलांच्या पिशव्या. आत जायला कुणी एक रुपया मागितला नाही. तो प्रवेश फुकट असतो, हे माझ्या भावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. विमान कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर बजावून सांगतात की नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही, कुणी मागितले तर देऊ नका. भाऊ दारातल्या मुलाला पुन्हा पुन्हा विचारत होता, “पावती कुठे फाडायची?”

पहिल्या टेबलावर कागदपत्रं. दुसऱ्या ठिकाणी भिंतीला पट्टी लावलेली. चपला काढा, पाठ भिंतीला, टाचा टेकवा. एक मुलगी पुस्तक डोक्यावर आडवं धरत होती आणि आकडा सांगत होती. बस्स. ज्या कामाला आपल्याकडे अख्खं वर्ष आणि उसाचं एक बिल पुरलं नाही, ते तिने पंधरा सेकंदांत केलं. तिथून पुढे गेलेल्यांना हातावरचे व्रण बघणं, हिंदी-इंग्रजी उतारा वाचणं, गटचर्चा, मग मुलाखत, आणि सगळ्यात शेवटी वैद्यकीय तपासणी. आमची पोर पट्टीपाशीच थांबली. पट्टीवाली मुलगी भली होती. हळू आवाजात म्हणाली, “ग्राउंड स्टाफसाठी बघ. इंग्रजी छान आहे तुझं.” आपल्या वर्षभराच्या मार्गदर्शनापेक्षा तिची ही दोन वाक्यं भाचीला जास्त उपयोगी पडली.

तिला इंग्रजी मी आणि तिच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं, हेही नोंदवून ठेवते. फ्लेक्सवर जागा उरली तर.

ज्या पुढच्या टेबलावर पोचल्या, त्यांनाही आपण एक देणगी दिली होती. ‘तुम्हाला केबिन क्रू का व्हायचंय?’ या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्या बॅचला छापून पाठ करायला दिलं होतं. लहानपणी आकाशात विमान पाहिलं, नव्या लोकांना भेटायला आवडतं, प्रवासाची आवड, अतिथी देवो भव. आपल्या बॅचच्या मुली एकाच गटात बसल्या आणि तीन जणींनी ते एकापाठोपाठ एक म्हटलं. तिसरीच्या वेळी समोरच्या बाईंनी पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण केलं, म्हणे. त्या पोरींपैकी एक जण गावात सर्पदंशाच्या रात्री जीप चालवून आजोबांना तालुक्याला घेऊन गेली होती. हे तिने सांगितलं असतं तर? पण आपण तिला सांगितलं होतं की गावाकडचं काही बोलू नकोस, इंप्रेशन जातं.

आपल्याकडे एकच मॅडम अशा होत्या ज्यांना हे सगळं ठाऊक होतं. जेट एअरवेजमध्ये काम केलेल्या. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उडालं आणि हजारो लोक एका रात्रीत घरी बसले, त्यातल्या त्या. त्यांनी पोरींना प्लायवूडच्या विमानाबाहेर व्हरांड्यात उभं करून ओरडायला शिकवलं. सीट बेल्ट सोडा, बॅगा ठेवा, इकडून या. शेजारचा मोबाईलवाला वर येऊन विचारून गेला, आग लागली का. त्यांनीच भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, “तुझी उंची कमी पडेल गं. फी परत माग.” पुढच्या महिन्यात त्या दिसल्या नाहीत. पगार थकला होता म्हणतात. आपल्याला यावर काही खुलासा करायचा असेल तर स्वागत आहे.

फी परत मागायला भाऊ आला तेव्हा आपण स्वतः भेटलात, चहा पाजलात. मग पावतीच्या मागची बारीक छपाई दाखवलीत. पुढच्या बाजूला ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, मागच्या बाजूला ‘प्लेसमेंटसाठी साहाय्य’ आणि ‘भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’. ती वाचायला भावाचा चष्मा पुरेना, आपण आपला दिलात. आणि मग, माझा आपल्याविषयीचा आदर जिथे शिगेला पोचला तो क्षण: आपण म्हणालात, “देशातल्या कंपन्या काय घेऊन बसलात काका, आपण तिला आखाती बॅचला टाकू. थोडी फी वाढेल.” साहेब, एमिरेट्सला उंची १६० लागते, आणि चवड्यांवर उभं राहून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत पोचावा लागतो. १५५ ला न पोचलेल्या पोरीला आपण १६० च्या दारात, जास्त पैसे घेऊन, नेऊन उभी करणार होता. दुकानदार लहान झालेल्या चपलेवर आणखी लहान चप्पल खपवायला बघतो तेव्हा निदान आधी घालून तरी बघू देतो.

एक गोष्ट आपल्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. बाहुली सजवण्याचा हा धंदा आपण सुरू केला नाही. विमान कंपन्यांनीच केला. १९३० मध्ये अमेरिकेत एलन चर्च नावाची पहिली हवाई परिचारिका कामाला लागली तेव्हा तिची मुख्य पात्रता होती नर्स असणं. पण सोबत अटी होत्याच: लग्न झालेलं नको, वय पंचविसाच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत, आणि उंची पाच फूट चार इंचांपेक्षा जास्त नको, कारण तेव्हाची विमानं बुटकी. म्हणजे आमची भाची तेव्हा उंचीच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली असती. आणि तिची आत्या शिक्षणाच्या. वजनाचं सोडून द्या.

आपल्याकडेही एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिशीला निवृत्त करत, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी, पहिल्यांदा दिवस गेले तरी घरी. नर्गेश मिर्झा आणि इतर जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८१ मध्ये न्यायालयाने गरोदरपणाची अट मोडीत काढली, पण चार वर्षांच्या लग्नबंदीत त्याला काही वावगं दिसलं नाही. अगदी २०१४ मध्येही केबिन क्रूच्या वजनाचे नवे निकष आले तेव्हा पुरुषांसाठी बीएमआय १८ ते २५ ठीक आणि बायकांसाठी १८ ते २२. पेटलेल्या विमानात बाईने तीन अंक कमी असावं, असं कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकात आहे ते मी चाळीस वर्षांत वाचलं नाही. तेव्हा दिखाव्याचा माल आपण फक्त किरकोळीत विकताय, मूळ घाऊक व्यापारी वेगळे. मात्र त्यांच्याकडे निवड झाली की कंपनी मुलीला स्वतः शिकवते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्य केलेलं प्रशिक्षण: आग, धूर, तलावात उतरून तराफ्यावर चढणं, घसरगुंडी, प्रथमोपचार, घातक सामान, अपहरण. ते पुरं केल्याशिवाय कुणालाच उडू देत नाहीत, आपलं प्रमाणपत्र असो वा नसो. म्हणजे आपलं वर्ष लावलेल्या मुलीला आणि न लावलेल्या मुलीला पहिल्या दिवशी एकाच बाकावर बसावं लागतं. फक्त एकीच्या बापाचं उसाचं बिल गेलेलं असतं.

आता थोडं व्यवहाराचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींवर नियम काढले आहेत. हमखास निवड, नोकरीची हमी असे दावे करायचे नाहीत. यशस्वी उमेदवाराचा फोटो त्याच्या निवडीनंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय छापायचा नाही. आपण म्हणाल, आम्ही कोचिंग नाही, आम्ही ‘इंटरनॅशनल ॲव्हिएशन ॲकॅडमी’. हा मुद्दा आपण जरूर मांडावा. मांडायची जागा मात्र एसटी स्टँडचा चौक नाही, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तक्रार भाचीच्या नावाने दाखल झाली आहे. पावतीच्या दोन्ही बाजू, पाठ करायला दिलेलं उत्तर, आखाती बॅचचं आपल्या हस्ताक्षरातलं कोटेशन आणि फ्लेक्सचा फोटो जोडला आहे. बॅचच्या आणखी चार मुलींचे वडील कागद घेऊन घरी येऊन गेले. चौघांनाही मी एकच सांगितलं, आणि त्यांचा विश्वास बसेना, म्हणून आपल्यालाही सांगते: मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असली तर तिथे फी लागत नाही.

कळावे, लोभ आहे तसाच असू द्यावा.

आपली,
(आपल्या मॅडमच्या शब्दांत) आत्या

ता. क. : फ्लेक्स उतरवाल तेव्हा फाडू नका. मूळ फ्लेक्स आयोगापुढे दाखवायचा आहे. भाऊ ट्रॅक्टर घेऊन येईल.